डाव्या खांबाकडून येणारा चेंडू

समोरच्या तक्त्यावरची सगळ्यांत बारीक ओळ मला न अडखळता वाचता येत होती, तर मग डावीकडून येणारा, चांगला कलिंगडाएवढा चेंडू मला दिसत का नव्हता? मेधाताई, मंडळाच्या अंकासाठी तुम्ही माझं आयुष्य लिहून घ्यायला बसलात, ते सगळं सांगतो, जन्मापासून सांगतो, पण आधी हा प्रश्न लिहा. मी काही वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय, आणि फळ्यावर वर प्रश्न लिहिल्याशिवाय खाली उत्तर मांडायला हात उचलत नाही, ही सवय इथे आयर्लंडात, कॉर्कला आल्यावरही गेली नाही. शिवाय खरं सांगायचं तर आयुष्य म्हणून मला जे सांगता येण्यासारखं आहे ते सगळं या एका प्रश्नाच्या पोटात आहे. बाकी नोकरी, घर, संसार, ते तुमचं-माझं सारखंच आहे.

जन्म कोल्हापूरचा, पेठेतला. वडील हायस्कुलात चित्रकला शिकवायचे, आम्ही दोघं भाऊ, दादा माझ्याहून मोठा. लोकांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते, पण आमच्याकडे तालमीत जशी कुस्ती तसाच फुटबॉल, प्रत्येक पेठेची तालीम, प्रत्येक तालमीचा संघ, आणि आपला सामना असला की त्या दिवशी पेठेतली दुकानं कुणी न सांगता दुपारीच बंद. हे पुण्या-मुंबईच्या माणसांना पटत नाही, इथल्या आयरिश माणसाला मात्र लगेच पटतं, कारण यांच्याकडे गावागावांत हर्लिंगचं, म्हणजे यांच्या काठी-चेंडूच्या खेळाचं, तसंच असतं. तर मी आमच्या तालमीच्या संघाचा गोलरक्षक. का, तर उंच होतो आणि पळण्यात मंद होतो, एवढंच कारण. आणि गोलरक्षकाचं काम कसं असतं बघा, नव्वद मिनिटं नीट केलेलं कुणी बोलत नाही. एकदा माझ्या दोन पायांमधून चेंडू गेला, तर दुसऱ्या दिवशी मंडईत भाजीवाली आमच्या आईला म्हणाली, वैनी, तुमच्या पोराच्या पायातनं बॉल गेला म्हनं, म्हैस गेली असती की हो! आई घरी येऊन मेथी निवडत बसली आणि चार दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आमचं मैदान म्हणजे टणक माती, गवताचं नाव नाही. त्या मातीवर कुणी वेडा झेप घेत नाही, कोपरं सोलतात. बापू वस्ताद आम्हाला शिकवायचे की कीपरनं उडायचं नसतं, आधीच तिथं उभं असायचं असतं. म्हणजे बघायचं. सारखं बघायचं, चेंडू कुणाच्या पायात आहे, तो कुठे बघतोय, त्याचा दुसरा पाय कुठे पडलाय. काय सांगू तुम्हाला, वस्ताद मागे उभे राहून ओरडायचे, आरं तुला गोलात हुबा केलाय ते काय फोटो काढाय? बघ की! मी बघायचो. माझं सगळं कसब बघण्यातच होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जे गेलं ते हेच गेलं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला सरावात आमच्याच एका फॉरवर्डने अगदी जवळून फटका मारला आणि चेंडू सरळ डाव्या डोळ्यावर बसला. मी खाली बसलो. वस्ताद आले, पापणी उघडून बघितली, म्हणाले, फुटला न्हाई न्हवं? मग ऊठ. दादाने मात्र ऐकलं नाही, सायकलवर मागे बसवून डॉक्टरांकडे नेलं. आरशात पाहिलं तर बुबुळाच्या खालच्या भागात लाल पातळी साचलेली, शाईच्या दौतीत तळाशी थोडी शाई उरावी तशी. डॉक्टरांनी थेंब दिले, पडून राहायला सांगितलं, रक्त हळूहळू ओसरलं आणि स्वच्छ दिसू लागलं. काही महिन्यांनी पुन्हा दाखवायला या, असं ते म्हणाले होते म्हणे, दादा सांगतो, मला आठवत नाही. पण दिसायला लागलेला डोळा दाखवायला त्या काळी कोण जात होतं? पायाला टाके पडले, बोटं मोडली, त्यातलाच एक मार. पुढच्या सामन्याला मी गोलात होतो आणि आम्ही जिंकलो.

मग एम.एस्सी., शाळेतली नोकरी, लग्न, मग औषधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत, आणि तिथून इकडे कॉर्कला. मृदुला, माझी बायको, संगणकातली, तिला इथे काम लगेच मिळालं. सई तेव्हा मांडीवर होती. पहिल्या हिवाळ्यात मी कारखान्यातून घरी आणि घरातून कारखान्यात, कुणाशी हवापाण्यापलीकडे बोललो असेन तर शपथ. मग कामावरचा डोनल एकदा सहज म्हणाला, आमच्या क्लबला पस्तिशीच्या वरच्यांचा संघ आहे, कीपर मिळत नाही, तू कधी खेळलायस का? मी म्हटलं, थोडंफार. पहिल्याच रविवारी ओल्या गवतावर मी झेप घेतली, पडलो तर अंग दुखलंच नाही, मऊ! मेधाताई, मी तिथेच चिखलात पडून हसत सुटलो. पस्तिशी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा मऊ जमिनीवर पडलो होतो. डोनल वाकून विचारतोय, यू ग्रँड, म्हणजे ठीक ना? मी म्हटलं, ग्रँड, ग्रँड. त्या दिवसापासून मला इथे नाव मिळालं. दुकानात, बसथांब्यावर, सईच्या शाळेच्या फाटकाशी माणसं एकमेकांना सांगायची, युवर मॅन, द कीपर, म्हणजे तो बघ, आपला कीपर. केमिस्ट तर इथे पायलीचे पन्नास आहेत, मेधाताई. कीपर मी एकटा होतो.

क्लबात गोलरक्षकांना शिकवायला मिरेक यायचा. चेक माणूस, साठीच्या पुढचा, एका कोळशाच्या गावातला, आधी लाकूड कापायच्या गिरणीत कामाला आणि मग आपल्या देशाचा गोलरक्षक. त्याच्या देशात लहान मुलं त्याच्यासारखं उभं राहून खेळायची, इतका नावाजलेला. त्याची ओळख म्हणजे त्याचा ठोसा. बाकीचे कीपर उंच चेंडू पकडतात, हा मुठीने ठोसून पार मधल्या रेषेपर्यंत पाठवायचा. मुलीने आयरिश माणसाशी लग्न केलं म्हणून म्हातारपणी इकडे आलेला, इंग्रजी तुटक, बोलणं कमी, कौतुक तर त्याहून कमी. माझ्या खेळावर त्याने एवढंच म्हटलं होतं, तू बघतोस चांगला. वस्ताद ऐकायला हवे होते, असं वाटलं मला.

आता उत्तराच्या वाटेवर येतो. गेली काही वर्षं मला गोल होऊ लागले होते. होणारच, वय होतं. पण मी हिशेबी माणूस, प्रत्येक गोलाचं कारण शोधायचो आणि प्रत्येकाला वेगळं कारण सापडायचं. एकाला पाऊस, एकाला डोनल आडवा आला, एकाला दिव्यांची तिरीप. ते सगळे गोल डावीकडून आलेल्या चेंडूवर होते, हे मात्र कधी ध्यानात आलं नाही. तसंच घरी. मृदुला म्हणायची, अहो, गाडीची डावीकडची चाकं किती घासलीत, फुटपाथ काय खेटून बघताय का? मी म्हणायचो, रस्ते अरुंद आहेत. जेवताना डाव्या हाताचं पाण्याचं भांडं कलंडायचं, मी म्हणायचो, टेबल लहान आहे. शाळेत पोरांना सांगायचो की निरीक्षणं एकाखाली एक मांडा म्हणजे नियम दिसतो, आणि स्वतःची मांडायचं सुचलं नाही. सुचणार कसं? डोळ्याला जे दिसत नाही ते काळं दिसत नाही हो, ते दिसतच नाही. तुम्हाला तुमच्या डोक्यामागचं आत्ता काळं दिसतंय का? नाही ना? तसंच ते.

आणि शरीर किती हुशार असतं बघा, मला न विचारता त्याने तोड काढली. मी गोलात थोडा वळून उभा राहू लागलो, उजवा पाय पुढे, हनुवटी डाव्या खांद्याकडे. त्याने चेंडू बरा दिसायचा. मला वाटलं, एवढ्या वर्षांच्या अनुभवाने माझी स्वतःची एक शैली तयार झाली. डोनल म्हणायचा, आमचा हा विश्वास उभा राहतो कसा बघ, राजवाड्यातल्या तसबिरीसारखा! शनिवारी सकाळी क्लबातल्या मुलींना गोलरक्षण शिकवायला मी मिरेकच्या हाताखाली जायचो, तिथे मी ती शैली शिकवली. नीट, पायरी पायरीने, शाळेत शिकवायचो तशी. सई त्यांतलीच एक. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र कॉर्कच्या हेलात इंग्रजीत येतं, पण गोलात उभी राहिली की ती माझी, पेठेची, असं मला वाटायचं. गेल्या वर्षी ती तिच्या वयाच्या संघाची मुख्य गोलरक्षक झाली तेव्हा मी दादाला व्हिडिओ पाठवला. दादाचा फोन आला, आरं ही तर तूच हाईस की!

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मिरेकने मला बाजूला घेतलं. सईकडे बोट दाखवून म्हणाला, ती अशी का उभी राहते, डावीकडून कुणी हाक मारतंय अशी? मी म्हटलं, चांगलं आहे ते, मीच शिकवलंय. तो मान हलवत राहिला. म्हणाला, नाही, तिचा चेंडू चुकतोय उजवीकडचा, ती डावीकडे कशाला बघते? तिचे डोळे तपासलेत का? आमच्याकडे एक मुलगा होता, असा मान वळवायचा, त्याला एका डोळ्याने दिसत नव्हतं.

मेधाताई, त्या क्षणापासून पुढचे दिवस मी कसे काढले ते मला नीट सांगता येणार नाही. घरी येऊन मी सईचे सगळे व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात मान वळलेली, प्रत्येकात. मला जुनं सगळं आठवायला लागलं, लहानपणी जिन्यावरून पडली होती ते, डाव्या बाजूने हाक मारली की ओ द्यायला उशीर करते ते, अहो, चौदा वर्षांची मुलगी बापाच्या हाकेला उशिराच ओ देते, पण मला त्यातही आंधळेपण दिसू लागलं. आपल्या मुलीचा डोळा जातोय आणि तिलाच ठाऊक नाही, आणि आपण टाळ्या वाजवत बाजूला उभे होतो, हा विचार कसा असतो हे शत्रूलाही कळू नये. मृदुला म्हणत होती, आधी दाखवून तर या, आधीच काय. मी देवाला मानणारा माणूस नाही, पण गाडीत मी मनात म्हणत होतो, माझा घे. एक नको, दोन्ही घे, तिचा सोड. सई शेजारच्या सीटवर कानात गाणी घालून बसलेली. बाबा, यू जस्ट हिट द कर्ब अगेन, एवढंच म्हणाली.

चष्म्याच्या दुकानातली तपासणारी मुलगी तरुण होती, शांत. तिने सईला यंत्रापुढे बसवलं, आत पांढऱ्या वाटीसारखं असतं, त्यात कुठे कुठे ठिपके चमकतात, दिसला की बटण दाबायचं. मी बाहेरच्या खुर्चीवर. दार उघडलं तेव्हा मला तिच्या तोंडाकडे बघवेना. ती म्हणाली, हिचे डोळे उत्तम आहेत, बाजूची नजर, दाब, सगळं. मला वाटतं मी रडलो. सई लाजली, ओ माय गॉड, बाबा, स्टॉप. मग त्या मुलीने सहज विचारलं, मग गोलात मान वळवायची सवय कुठून लागली? आणि सई खांदे उडवत म्हणाली, दॅट्स हाऊ बाबा डझ इट.

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, तुम्ही बसता का जरा?

मी हसत बसलो. समोरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला, दोन्ही डोळ्यांनी, एकेका डोळ्याने. मग त्या पांढऱ्या वाटीत डोकं घातलं. उजव्या डोळ्याला ठिपके येत गेले, मी बटण दाबत गेलो. मग उजवा झाकला, डावा उघडा, आणि मधला एखादा सोडला तर ठिपके येणंच बंद झालं. मी वाट पाहतोय. मला वाटलं यंत्र बिघडलं. मी तसं म्हणालोसुद्धा. ती म्हणाली, यंत्र चालू आहे.

इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, या डोळ्याला कधी मार लागला होता का? मी म्हटलं, मी गोलरक्षक आहे, डॉक्टर. त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं, आणि चांगलं समजावलं, म्हणून तसंच सांगतो. डोळ्यात पाणी तयार होत असतं आणि एका बारीक मोरीतून ते वाहून जात असतं. जोराचा मार बसला की ती मोरी आतून फाटते, वरून डोळा बरा होतो, दिसायला लागतं, पण ती मोरी वर्षानुवर्षं तुंबत जाते आणि दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही. तो दाब डोळ्यामागची नस कडेकडेने मारत आत येतो आणि मधला भाग शेवटी घेतो. अक्षरं आपण त्या मधल्या भागाने वाचतो, म्हणून तक्ता वाचता येत होता. उरलेलं उजव्या डोळ्याने सांभाळून घेतलं, पण उजव्या डोळ्याला डावीकडे नाकाची भिंत आडवी येते, त्या भिंतीपलीकडून यायचा तो चेंडू. झालं, हे प्रश्नाचं उत्तर. काचबिंदू म्हणतात त्याला आपल्याकडे. मी विचारलं, नजर परत कधी येईल? डॉक्टर म्हणाले, गेलेली नस परत येत नाही. थेंब घालायचे, उरलंय ते टिकवायचं. आणि गोलात पुन्हा उभं राहायचं नाही, कारण तुमच्याकडे आता भरवशाचा एकच डोळा आहे, त्याला एक चेंडू लागला तर पुढे काय, ते तुम्हीच सांगा.

मी थेंबांची चिठ्ठी खिशात घातली.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. मी ते वाईट गेले एवढंच म्हणतो, कारण जास्त वर्णन केलं की मृदुला वाचेल आणि तिला वाटेल तिने काही कमी केलं. तिने काही कमी केलं नाही. पण मी बाथरूममध्ये दार लावून उजवा डोळा झाकून बघत बसायचो. कागदाच्या नळीतून पाहावं तेवढं दिसतं. सई समोर उभी राहिली तर तिचं नाक दिसतं, कान दिसत नाहीत. मी तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी फिरून गोळा करायचो. मैदानावरून जावं लागू नये म्हणून कारखान्यात लांबच्या रस्त्याने जायचो. गाडीचा परवाना दोन्ही डोळ्यांची मिळून नजर पाहून सध्या राहिलाय, पण पुढच्या तपासणीची तारीख मी आधीपासून मोजत असतो, कारण इथे गाडी गेली की घर कोंडलं. डोनल दोनदा दारापर्यंत आला, मी घरी नाही म्हणून सांगायला लावलं. त्यांनी दुसरा कीपर शोधला. शोधणारच. आता युवर मॅन द कीपर तो.

दादाला फोन केला तेव्हा म्हटलं, वस्तादांना विचार, त्यांना तो दिवस आठवतो का. वस्ताद आता अंथरुणाला आहेत. दादा जाऊन आला, म्हणाला, त्यांना काय आठवत नाही रे. म्हणाले, असलं शंभर बॉल लागल्यात पोरांच्या तोंडाला, कंचा कंचा सांगू? मला राग यायला हवा होता, पण मला आधी ते शंभर दिसले. ते कुठे असतील, कोण रिक्षा चालवत असेल, कोण दुकान, आणि त्यांतल्या कितीजणांची गाडी फुटपाथला घासत असेल.

पण सगळ्यांत कठीण ते नव्हतं. सगळ्यांत कठीण सई होती. ती तशीच उभी राहत होती, हनुवटी खांद्याकडे, आणि तिला उजवीकडून गोल होत होते. मी तिला सांगायला गेलो, समोर तोंड ठेव, दोन्ही खांदे सरळ. ती म्हणाली, पण तूच शिकवलंस, आणि मराठीत म्हणाली हो, रागावली की तिचं मराठी बाहेर येतं. म्हणाली, मग सगळं चुकीचं शिकवलंस? सगळं? मग तिचं तिलाच रडू आलं, कारण मला का तसं उभं राहावं लागलं होतं हे तिला ठाऊक होतं, आणि बापाच्या आंधळेपणावर आपण ओरडलो असं तिला वाटलं. मी तिला माझं सगळ्यांत चांगलं द्यायला गेलो आणि माझं व्यंग देऊन बसलो, आणि तिने ते मान देऊन घेतलं.

मी मिरेककडे गेलो. म्हटलं, तू काढ तिची सवय, माझ्याने होत नाही. त्याने आपला उजवा हात टेबलावर ठेवला. त्याची दोन बोटं वाकत नाहीत, इतकी वर्षं मी त्याच्याशी हात मिळवतोय, कधी नीट पाहिलं नव्हतं. म्हणाला, गिरणीत गेली, एकोणीस वर्षांचा होतो, चेंडू पकडताच यायचा नाही, म्हणून ठोसा. लोक म्हणाले, वा, काय ठोसा. पोरं ठोसायला लागली. मास्तर ठोसा शिकवायला लागले. पकडता येणाऱ्या हातांची पोरं, विश्वास, आणि ठोसत होती. मी कुणाला सांगितलं नाही, संघातून काढलं असतं. मग म्हणाला, तू निदान सांगितलंस. मी म्हटलं, मी कुठे सांगितलं, मशीनने सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, शनिवारी ये, सगळ्या मुलींना सांग. फक्त सईला नाही.

मी गेलो. फळा नव्हता, बोलायला सुरुवात करायला फार जड गेलं. मी मुलींना म्हटलं, मी शिकवलेली ती उभं राहायची पद्धत विसरा, ती एका आजारी डोळ्याची पद्धत होती. एक लहान मुलगी म्हणाली, बट इट लुक्स क्लास, मिस्टर विश्वास. बाकीच्या हसल्या. मी पण हसलो असेन. मग मिरेकने एकेकीचे खांदे धरून सरळ केले. सईच्या वेळी तो बाजूला झाला आणि मला खुणावलं. मी तिचे खांदे धरले. तिने मान समोर केली, माझ्या तोंडाकडे न बघता, माझ्यापलीकडे, मैदानाकडे.

आता असं आहे बघा. ती सरळ उभी राहते, अधूनमधून मान वळते, मग तिची तीच सरळ करते. तिचे गोल कमी झालेत असं काही मी म्हणणार नाही, गेल्या आठवड्यात तीन खाल्ले. मी काठावर उभा असतो, डोनल माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहतो, मला न विचारता. डाव्या डोळ्याचं उरलेलं किती दिवस राहील हे डॉक्टर सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. बरं वाटतं का, असं तुम्ही विचाराल, तर नाही, बरं वाटत नाही. गोल रिकामा दिसला की अजून पाय तिकडे वळतात. पण मुलीला दोन्हीकडचं दिसतंय. मी गाडीत जे मागितलं होतं त्यातलं निम्म्याहून जास्त मला मिळालं, असं मी स्वतःला सांगतो. काही दिवशी पटतं.

शेवटी हे एवढं माझ्या शब्दांत राहू द्या. ज्याला कधी डोळ्यावर जोराचा मार लागलाय, चेंडूचा, विटीचा, कशाचाही, मग त्याला कितीही वर्षं झाली असोत, त्याने, आणि विशेषतः आमच्या तालमींतल्या जुन्या गोलरक्षकांनी, एक करावं. घरातल्या कुणालातरी हातभर अंतरावर समोर बसवा. तुम्ही डावा डोळा झाका, त्यांनी त्यांचा उजवा झाकावा, आणि एकमेकांच्या उघड्या डोळ्याकडेच बघत राहा. त्यांनी दोघांच्या मधोमध हात ठेवून एक बोट हलवत कडेने आत आणावं, वरून, खालून, दोन्ही बाजूंनी, आणि त्यांना ते दिसतं त्याच वेळी तुम्हालाही दिसतं का ते पाहा. मग डोळे बदला. ही ढोबळ रीत आहे, सुरुवातीचं नुकसान यात सापडत नाही, म्हणून बोट दिसलं तरी डॉक्टरांकडे जा आणि अक्षरं वाचून परत येऊ नका, डोळ्याचा दाब आणि बाजूची नजर तपासा असं स्पष्ट सांगा. मी सांगतो म्हणून काहीही खरं मानू नका. तुम्ही स्वतः तपासून पाहा.